निरोपाचे जेवण कुठे?

यंदाच्या बारावीचा निरोप समारंभ शाळेच्या पटांगणात न करता नागपूरच्या एखाद्या चांगल्या हॉटेलात करावा, अशी सूचना काही पालकांनी मांडली आहे. पुष्कळ विद्यार्थ्यांनाही ती आवडली आहे. सकाळी बसने निघायचे, मॉलमध्ये फिरायचे, दुपारी हॉटेलात जेवायचे, फोटो काढायचे आणि रात्रीपर्यंत घरी परतायचे, असा बेत आहे. खर्च वर्गणीतून होणार आहे. विश्वस्त मंडळाने अजून निर्णय दिलेला नाही. तो होण्याआधी शाळेच्या पत्रिकेतून या विषयावर मोकळेपणाने बोलले जावे, एवढ्यासाठी एक माजी विद्यार्थी आणि आजचा पालक या नात्याने चार शब्द लिहीत आहे.

माझे मत आधीच सांगतो. आपल्या मुलांनी मोठ्या शहरातल्या हॉटेलात जावे, जेवावे, तिथली रीत शिकावी. त्यात वावगे काही नाही. पण निरोपाचे जेवण मात्र शाळेच्या पटांगणातच व्हावे. ही दोन्ही मते एकाच माणसाची कशी असू शकतात, ते खाली सांगण्याचा प्रयत्न करतो.

नागपूर आपल्याला परके नाही

पांढुर्णा काय किंवा सौंसर काय, नागपूर हे आपल्याला कधीच दूरचे शहर वाटले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर नागपूर हीच आपल्या राज्याची राजधानी होती. त्या दिवशी राजधानी भोपाळला गेली, नागपूर महाराष्ट्रात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हाही झाला. कागदपत्रे भोपाळकडे जाऊ लागली, पण दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता आणि संत्र्याची बाजारपेठ यांसाठी आपली पावले नागपूरकडेच वळत राहिली. पांढुर्ण्याहून निघालेला रस्ता आणि सौंसरहून निघालेला रस्ता सावनेरला एकत्र येतात, आणि तिथून पुढे आपण सगळे एकाच वाटेचे प्रवासी असतो.

जुन्या मंडळींना सौंसरवरून जाणारी छोटी रेल्वे आठवत असेल. २०१५ पर्यंत ती धावत होती. त्या काळी नागपूरला जाताना भाकरी, चटणी आणि कांद्याची शिदोरी बरोबर असे. बाहेर जेवणे ही हौस नव्हती. दवाखान्यात माणूस भरती असला, कोर्टाची तारीख लांबली किंवा मुक्काम वाढला, तरच खानावळीत पान घ्यावे लागे. आणि घरी आल्यावर आजी विचारायचीच, "कावून बा, शिदोरी पुरली नाही का?"

आज तसे राहिलेले नाही. रविवारी मोटारसायकल किंवा गाडी काढून नागपूरला जेवून येणारी कुटुंबे आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुलाला नोकरी लागली, मुलीचा निकाल चांगला लागला, लग्नाचा वाढदिवस आला, की "चला नागपूरला" हे ठरलेलेच. यात वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. वर्षभर चुलीपाशी राबणाऱ्या आईला एक दिवस कोणीतरी गरम पोळी वाढावी, यात चूक ती काय? मोठ्या शहरातले जेवण म्हणजे उधळपट्टी आणि बिघडण्याची सुरुवात, असे मानणाऱ्यांशी मी सहमत नाही.

भुकेपोटी जन्मलेली हॉटेले

हॉटेल ही श्रीमंतांनी काढलेली चैन आहे, असा आपला समज असतो. आपल्या भागाचा इतिहास वेगळे सांगतो. नागपूरचे सावजी जेवण आज दूरदूरवर प्रसिद्ध आहे. झणझणीत रस्सा, पाटोडी, डाळकांदा यांसाठी लोक मुद्दाम वाट वाकडी करतात. ही चव प्रामुख्याने हलबा कोष्टी या विणकर समाजाच्या घरांतून आली. मागावर आणि गिरणीत राबणाऱ्या माणसांचे हे जेवण. जमशेटजी टाटा यांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली आणि हे शहर कापड कामगारांचे शहर झाले. २००२ मध्ये ती गिरणी कायमची बंद पडली. तिच्या जागेवर पुढे मॉल उभा राहिला. ज्या मॉलमध्ये फिरण्याचे बेत आपली मुले आखतात, त्याच्या फरशीखाली कामगारांच्या तीन पाळ्यांचा घाम मुरलेला आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे.

मुंबईतही तेच झाले. कोकणातून आणि घाटावरून गिरणगावात आलेले हजारो कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. त्यांची जेवणे करून देणाऱ्या बायका म्हणजे खानावळवाल्या. या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्याचे घर दूर आहे त्याला घरासारखे दोन घास मिळावेत, ही हॉटेलाची मूळ प्रेरणा आहे. आपल्या शाळेतून नागपूर, पुणे, इंदूर, भोपाळला शिकायला गेलेली मुले आज मेसच्या डब्यावर दिवस काढतात. त्यांच्या आयांना या प्रेरणेची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

इंडियन कॉफी हाऊसची गोष्टही मुलांना सांगण्यासारखी आहे. १९५० नंतरच्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करायला घेतली, तेव्हा नोकरी जाणाऱ्या कामगारांनी ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने सहकारी संस्था काढल्या आणि १९५७ पासून कॉफीगृहे स्वतःच चालवायला घेतली. जबलपूरच्या संस्थेची कॉफीगृहे आपल्या राज्यातल्या अनेक शहरांत आहेत. डोक्यावर तुरेदार पगडी बांधून डोसा आणून देणारा माणूस तिथला नुसता नोकर नसतो, तो त्या संस्थेचा सभासदही असतो.

एकाच टेबलावर बसण्याचा हक्क

हॉटेलाचा आणखी एक मोठा उपकार आपण विसरतो. आपली पंगत, आपले गावजेवण यांचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यही आहे. परंतु ती पंगत पूर्वी सर्वांसाठी सारखी नव्हती. कोणी माजघरात, कोणी ओसरीवर आणि कोणी अंगणाबाहेर, अशी जातीजातींची पाने वेगळी मांडली जात. काहींच्या पानात वरून टाकलेले अन्न पडे. हे आपल्याही गावांत घडलेले आहे आणि ते लपवून पंगतीचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. ते अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले होते, त्यामुळे त्यांच्या हातचा चहा प्यायला कोणी तयार होईना. तेव्हा राजर्षी शाहू महाराज स्वतः तिथे गेले, सर्वांदेखत चहा घेतला आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यायला लावला. एका कपभर चहाने मोठमोठ्या भाषणांपेक्षा जास्त काम केले. पुढे भारताच्या राज्यघटनेने, तिच्या पंधराव्या अनुच्छेदात, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कोणालाही दुकानात, उपाहारगृहात वा हॉटेलात जाण्यास अडवता येणार नाही, असे स्पष्ट लिहून ठेवले. घटनाकारांना हॉटेलाचा उल्लेख करणे आवश्यक वाटले, यातच सगळे आले. शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे हे न विचारता जेवता येणे, ही मोठ्या शहराने आपल्याला दिलेली देणगी आहे.

म्हणूनच मी हॉटेलाच्या विरोधात नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्या हॉटेलाने जातीच्या भिंती काही प्रमाणात पाडल्या, तेच हॉटेल आज आपल्या वर्गात नवी भिंत उभी करते आहे काय?

नवी भिंत

ही भिंत पैशाची आहे. वर्गात वाढदिवस असला, की पूर्वी चॉकलेट वाटले जाई. आता "ट्रीट" मागितली जाते. सुरुवात गावातल्या चाटच्या गाडीपासून होते आणि मोठ्या वर्गांत ती नागपूरच्या पिझ्झापर्यंत जाते. ज्याने खाल्ले त्याने पुढच्या वेळी खिलवायचे, असा अलिखित नियम आहे. ज्याला खिलवणे परवडत नाही, तो खायलाही जात नाही. "माझे पोट दुखते", "आमच्याकडे पाहुणे येणार आहेत", अशी कारणे सांगून बाजूला होणारी मुले शिक्षकांनी आणि पालकांनी पाहिलेली आहेत. त्यांच्या पोटात काही दुखत नसते. दुखणे दुसरीकडे असते, हे सांगायला नको.

आपल्या शाळेत संत्र्याच्या बागाईतदारांची मुले आहेत, व्यापाऱ्यांची आहेत, सरकारी नोकरांची आहेत. तशीच कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्यांची आणि संत्र्याच्या हंगामात तोडणीला, पेट्या भरायला जाणाऱ्या मजुरांचीही आहेत. नागपूरच्या बेताची वर्गणी आणि बसभाडे मिळून जी रक्कम होते, ती एखाद्या घराची दोन-तीन दिवसांची मजुरी असू शकते. वर्गणी देता आली नाही तर शाळा सवलत देईल, असे काही पालक म्हणाले. हेतू चांगला आहे, पण सवलत मागण्यासाठी हात वर करायचा कोणी? सतराव्या-अठराव्या वर्षी मुलांना भूक सहन होते, पण वर्गासमोर हात पसरणे सहन होत नाही. काही मुले सवलत न मागता समारंभालाच येणार नाहीत. बारा वर्षे एका बाकावर बसलेल्यांचा निरोप आणि त्यात चार-पाच जण नाहीत, असा समारंभ कितीही थाटाचा झाला तरी तो आपल्या शाळेचा निरोप ठरेल काय?

त्यात मोबाइलचे फोटो आले. जेवण्याआधी ताटाचा फोटो, मग सर्वांचा फोटो आणि तो लगेच सगळ्या गावाच्या मोबाइलवर. जे गेले नाहीत त्यांनाही तो दिसतो. पूर्वी कोण कुठे जेवले हे चार घरांना कळे. आता न गेलेल्याला आपण न गेल्याची आठवण रात्रभर होत राहते.

हॉटेल आणि बार

आता एका अशा गोष्टीबद्दल, जी शाळेच्या पत्रिकेत सहसा लिहिली जात नाही. मोठ्या शहरात पुष्कळ ठिकाणी जेवण आणि दारू एकाच छताखाली असते. पाटीवर "बार अँड रेस्टॉरंट" लिहिलेले असते, आणि आत एका टेबलावर कुटुंब पनीरची भाजी मागवते, तर दुसऱ्या टेबलावर बाटल्या उघडतात. आपली मुले शिकायला बाहेर गेली की पहिल्याच वर्षी हे दृश्य त्यांच्यासमोर येणार आहे. घरात हा विषय काढायचाच नाही, म्हणजे मुले त्यापासून दूर राहतील, ही समजूत भाबडी आहे.

कायदा काय सांगतो, ते तरी त्यांना ठाऊक हवे. महाराष्ट्रात मद्यासाठी वयाची २५ वर्षे पूर्ण असावी लागतात, सौम्य बिअरसाठी २१. मध्य प्रदेशात ही मर्यादा २१ आहे. वर्धा आणि गडचिरोली या जिल्ह्यांत पूर्ण दारूबंदी आहे. आपल्या शेजारच्या मुलताईसह राज्यातल्या काही धार्मिक स्थळी १ एप्रिल २०२५ पासून दारूची दुकाने आणि बार बंद करण्यात आले. दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडले, तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे बारावीच्या मुलाला बारमध्ये दारू वाढणे हा नागपुरातही गुन्हा आहे आणि इथेही.

तरीही काय घडते, ते पुण्याने दाखवले. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. मोटार चालवणारा मुलगा १७ वर्षांचा होता. बारावीच्या निकालाचा आनंद साजरा करायला तो मित्रांबरोबर बाहेर गेला होता आणि तिथे तो दारू प्याला, असे पोलिसांनी सांगितले. मुलाच्या वडिलांना अटक झाली, दारू वाढणाऱ्या ठिकाणच्या लोकांनाही झाली. मृत्यू पावलेला तरुण आणि तरुणी, दोघेही आपल्या मध्य प्रदेशातले होते. शिकून, नोकरी मिळवून पुण्याला गेलेली, आपल्याच मुलांसारखी मुले. बारावीचा आनंद कुठे आणि कसा साजरा करावा हा प्रश्न क्षुल्लक नाही, तो यासाठी.

सगळी हॉटेले धोक्याची आहेत, असा याचा अर्थ नव्हे. आपल्या समारंभात दारू असणार आहे, असेही कोणी म्हणत नाही. परंतु मोठेपण म्हणजे शहरातले हॉटेल, आनंद म्हणजे पार्टी, हे समीकरण आपण बारावीलाच शाळेच्या शिक्क्यानिशी मुलांच्या हाती दिले, तर पुढच्या पायऱ्या ती स्वतःच चढतील. त्या चढताना आपण बरोबर नसू.

हॉटेलात जाताना काय ठाऊक असावे

विद्यार्थी मित्रांनो, हॉटेलात जरूर जा, पण डोळे उघडे ठेवून जा.

बिल वाचायला शिका. साध्या उपाहारगृहात जेवणावर ५ टक्के जीएसटी लागतो. त्याखाली "सेवा शुल्क" अशी ओळ दिसली, तर तो सरकारी कर नाही हे लक्षात घ्या. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हे शुल्क आपोआप बिलात जोडण्यास मनाई करणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलवाल्यांनी त्यांना आव्हान दिले, पण मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना योग्य ठरवल्या. मला स्वतःला एका हॉटेलात हे शुल्क न विचारता लावलेले आढळले. शांतपणे "हे काढून द्या" म्हटल्यावर दोन मिनिटांत नवे बिल आले. आवाज चढवावा लागला नाही. ऐकले नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बिलावर अन्न परवान्याचा चौदा अंकी क्रमांक असणे २०२२ पासून बंधनकारक आहे, तोही पाहावा. सेवा आवडली तर वेटरच्या हाती आपल्या खुशीने काही ठेवावे. तो त्याचा मान आहे.

आत शिरताच बाहेर पडण्याचा दुसरा दरवाजा कुठे आहे, ते पाहून ठेवा. मुंबईत कमला मिलच्या आवारात, म्हणजे एका जुन्या गिरणीच्या जागेतच, डिसेंबर २०१७ मध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली आणि १४ जण दगावले. गोव्यात हडफडे येथे डिसेंबर २०२५ मध्ये एका नाइट क्लबच्या आगीत २५ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले बहुतेक जण तिथे काम करणारे होते, पर्यटक थोडे. स्वयंपाकघरात राबणारी ही माणसे पोटासाठी दूरदूरच्या राज्यांतून आलेली होती.

शेवटची गोष्ट वाढणाऱ्यांविषयी. शहरातल्या हॉटेलात पाणी आणून देणारा, टेबल पुसणारा मुलगा अनेकदा आपल्यासारख्याच एखाद्या गावचा असतो. त्याला "ए" म्हणून हाक मारू नये, "दादा" म्हणावे. पाणी दिले तर "थँक्यू" म्हणायला लाजू नये. आणि तो मुलगा तुमच्यापेक्षा लहान दिसला तर त्याकडे दुर्लक्ष करू नका. हॉटेल, ढाबा आणि चहाच्या टपरीवर चौदा वर्षांखालील मुलांना कामाला ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासूनच मनाई आहे, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ती जवळपास सर्वच कामांना लागू झाली. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक पाठ असू द्या. ज्या वयात तुम्ही शाळेत आहात, त्या वयात कोणी तुमची उष्टी ताटे उचलत असेल, तर ते तुम्हाला खटकलेच पाहिजे.

विश्वस्त मंडळाला विनंती

आता विश्वस्त मंडळींसमोर काही सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली, निरोपाचे जेवण शाळेच्या पटांगणातच व्हावे. ते रुक्ष, नेहमीचे पुरी-भाजीचे नसावे. आपल्या भागात थंडीच्या दिवसांत बागेत नाहीतर देवस्थानाच्या आवारात रोडग्यांचा बेत होतो. गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण, वरून तुपाची धार. हा बेत कोणत्याही हॉटेलच्या तोडीचा आहे आणि तो मुलांनी, पालकांनी आणि शिक्षकांनी मिळून करण्यासारखा आहे. वर्गणी पैशाचीच असावी असे नाही. कोणी कणीक द्यावी, कोणी वांगी, कोणी टोपलीभर संत्री, कोणी गोवऱ्या आणि कोणी नुसते दोन हात. कोणी काय दिले याची यादी वाचून दाखवू नये. एकच पंगत बसावी, विश्वस्तही तीत बसावेत, आणि वाढायला अकरावीची मुले असावीत. जी पंगत पूर्वी माणसांना वेगळे बसवीत होती, ती आपण अशी एकत्र करून दाखवली, तर तिचे कौतुक करण्याचा आपला अधिकार खरा ठरेल.

दुसरी, नववीच्या वर्गासाठी वर्षातून एक दिवस नागपूरची अभ्यास सहल ठेवावी आणि तिचा खर्च सहल निधीतून, सर्वांसाठी सारखा व्हावा. त्या दिवशी मुलांनी एखाद्या साध्या, स्वच्छ हॉटेलात रांगेने बसून जेवावे. मेनूकार्ड वाचावे, स्वतः मागवावे, बिल तपासावे, हिशेब वहीत लिहावा. बिलात संत्र्याच्या रसाचा किंवा संत्रा बर्फीचा भाव पाहावा आणि त्याच आठवड्यात आपल्या बागाईतदाराला संत्र्याचा काय भाव मिळाला तो शेजारी लिहावा. गणित, नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा याहून चांगला एकत्र धडा मला तरी सुचत नाही.

तिसरी, वाढदिवसाची ट्रीट हा विषय वर्गशिक्षकांनी मुलांशी बोलून मार्गी लावावा. बंदीचा फतवा काढून उपयोग नाही, लपून होईल. महिन्यातून एकदा, त्या महिन्यातल्या सगळ्या वाढदिवसांचे मिळून, वर्गातच पोहे-तर्री करावी. खर्च थोडा, कोणी यजमान नाही, कोणी पाहुणा नाही.

"मग आमची मुले मागे पडतील" असे काही पालकांना वाटते. शहरातली मुले काटा-चमच्याने खातात, इंग्रजीत मागवतात, आमची मुले मुलाखतीला गेली की बुजतात, ही तक्रार खोटी नाही. तिचे उत्तर नववीच्या सहलीत आहे. काटा-चमचा एका दुपारी शिकता येतो. परंतु आपल्या शेजारी बसलेल्याच्या ताटात काय आहे, त्याला काही हवे आहे का, हे पाहण्याची सवय एका दुपारी लागत नाही. ती वर्षानुवर्षांच्या पंगतीतून लागते. पहिली गोष्ट शहर शिकवील, दुसरी शाळेनेच शिकवायची आहे.

पालक बंधू-भगिनींनो, ज्यांनी हॉटेलची सूचना केली त्यांच्या मनात मुलांचे कौतुकच आहे, याबद्दल मला शंका नाही. ज्यांना परवडते त्यांनी निकालानंतर आपल्या मुलांना अवश्य नागपूरला न्यावे, सावजी खाऊ घालावे, आइस्क्रीम खाऊ घालावे. जमल्यास मुलाच्या एखाद्या मित्रालाही घरच्यासारखे बरोबर घ्यावे. तो प्रत्येक घराचा आनंद आहे. शाळेचा आनंद मात्र शाळेतल्या सगळ्यांचा असला पाहिजे. निरोपाच्या दिवशी हजेरीपटावरचे एकही नाव गैरहजर राहू नये, एवढीच कसोटी विश्वस्त मंडळाने लावावी. ती लावली, तर जेवण कुठे करायचे हे वेगळे ठरवावे लागणार नाही.